ग्लास ट्रान्झिशनजवळचं डायइलेक्ट्रिक रिलॅक्सेशन: तालुक्याच्या कॉलेजात बसून मॉडेल कसं बसवायचं

तुमच्या विभागात एक एलसीआर मीटर (धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, मोजणारा) आहे, एक छोटा ओव्हन आहे, लॅपटॉप आहे आणि गाइडनी 'पॉलिमरचं डायइलेक्ट्रिक रिलॅक्सेशन' हा विषय दिलाय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पुसद, दारव्हा, मेहकर, वरुड, चिमूर अशा गावांत या विषयातलं माणूस शेजारच्या खोलीत सापडत नाही. पेपर वाचून समीकरणं कळतात, पण आधी काय करायचं, नंतर काय, आणि कुठे थांबायचं हे पेपरात कुणी लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात हे काम मी केलं आहे, आणि जे त्या वेळी कुणी सांगायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. साध्या एलसीआर मीटरला ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे पॉलिमर थंड होताना मऊपणा सोडून काचेसारखं कडक होतं ती अवस्था, प्रत्यक्ष दिसत नाही. त्याला तिच्या वरच्या तापमानांचा एक पट्टा दिसतो आणि उरलेलं अंतर तुम्ही मॉडेलच्या भरवशावर कापता. हे अंतर किती आहे आणि ते कापायचा हक्क तुमच्या डेटाने दिलाय का, यावरच सगळं काम उभं राहतं. समीकरण बसवणं हा त्यातला सोपा भाग आहे.

१. आधी आपली खिडकी ओळखा

पॉलिमरच्या साखळीवर ध्रुवीय गट असतात. विद्युतक्षेत्र लावलं की ते वळू पाहतात. वारंवारता कमी असेल तर त्यांना वळायला वेळ मिळतो, फार जास्त असेल तर मिळत नाही. या दोहोंच्या मध्ये परमिटिव्हिटीचा (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्या मापाचा) वास्तव भाग पायरीसारखा खाली उतरतो आणि काल्पनिक भागात, म्हणजे लॉसमध्ये, शिखर येतं. शिखराच्या वारंवारतेला दोन पायने (२π) गुणून त्याचा व्यस्त घेतला की रिलॅक्सेशनचा काळ मिळतो. त्याला आपण टाऊ म्हणू.

तापमान उतरवत नेलं की शिखर कमी वारंवारतेकडे सरकतं, आणि ग्लास ट्रान्झिशनजवळ फार झपाट्याने सरकतं. कारण तिथे साखळीचा एक तुकडा एकटा वळू शकत नाही. आठवडी बाजाराच्या गर्दीत एकाला वळायचं तर आजूबाजूच्या चौघांना सरकावं लागतं, तसं होतं. ही हालचाल म्हणजे अल्फा रिलॅक्सेशन. त्याहून जलद आणि छोट्या स्थानिक हालचालींना बीटा म्हणतात. त्या आर्‍हेनियसचा साधा नियम पाळतात: टाऊचा लॉग तापमानाच्या व्यस्तासोबत सरळ रेषेत बदलतो.

आता आकडे बघा. डायइलेक्ट्रिकवाल्यांच्या प्रथेनुसार टाऊ १०० सेकंद होतो ते तापमान म्हणजे ग्लास ट्रान्झिशन. १०० सेकंद म्हणजे शिखर साधारण १.६ मिलिहर्ट्झला. तिथलं एकच आवर्तन पूर्ण व्हायला ६२८ सेकंद लागतात, दहा मिनिटांहून जास्त. तुमची खिडकी, म्हणजे मीटर मोजू शकतो तो वारंवारतेचा पट्टा, बहुधा २० हर्ट्झपासून सुरू होते. दहापट म्हणजे एक दशक धरलं तर मधे चार दशकांची दरी आहे.

नवख्याने पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं अल्फा शिखर ठळक आहे, बीटा क्षीण आहे, आणि ग्लास ट्रान्झिशन ३० ते ४० अंश सेल्सियसच्या घरात येतं. पीएमएमए (अ‍ॅक्रिलिक काचेचं पॉलिमर) घेतलं तर बीटा इतकं जोरदार असतं की वरच्या तापमानाला अल्फा त्यात मिसळून जातं आणि दोन्ही वेगळे करण्यातच वर्ष निघून जातं. पॉलिस्टायरिनचं ध्रुवीय बळ कमी, त्यामुळे साध्या मीटरवर शिखर नॉइजमधून वर येत नाही.

सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदात मुख्य पॉलिमर हाच असतो. म्हणून 'सर, गोंदच वाळवून वापरू का?' हा प्रश्न दरवर्षी येतो. वापरू नका. त्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतं, इतर मिश्रणं असतात, आयन असतात. ग्लास ट्रान्झिशन सरकतं आणि आयनांच्या वहनाखाली शिखर गाडलं जातं. रेणुभार लिहिलेलं शुद्ध रेझिन मागवा.

२. जमवाजमव

उपकरणांत एलसीआर मीटर (२० हर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ पुरतो), तापमान नियंत्रकासह ओव्हन, सॅम्पलला चिकटेल असं बारीक थर्मोकपल, मायक्रोमीटर स्क्रू गेज, पॉलिश केलेल्या पितळी चकत्या, टेफ्लॉनची पातळ पट्टी, सिलिका जेल घातलेला डेसिकेटर आणि शक्य असल्यास व्हॅक्यूम ओव्हन लागतो.

लॅपटॉप साधा चालतो. पायथन, न्यूमपाय, सायपाय आणि मॅटप्लॉटलिब एकदा नीट इन्स्टॉल करून ठेवा. ब्राउझरमधलं कोलॅबही चालतं, पण गावात रेंज गेली की सेशन तुटतं आणि अर्धवट फिट हातातून जातो. घरचं इन्स्टॉलेशन बरं.

विजेची सोय मात्र मनावर घ्या. रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि ओव्हनचा नियंत्रक हेलकावे खातो. मीटर आणि लॅपटॉप यूपीएसवर, ओव्हन स्टॅबिलायझरवर ठेवा. आमच्या प्रयोगशाळेतले परिचर काका एकच गोष्ट कळकळीने सांगायचे: "सर, लाइन ये-जा करून राह्यली, पयले मीटरची पिन काढा." अगदी खरं आहे. लाइन परत येताना जो झटका बसतो त्याने मीटरचा इनपुट जातो, आणि दुरुस्तीला पाठवलेला मीटर सत्र संपेपर्यंत परत येत नाही.

३. सॅम्पल: इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया

द्रावणातून फिल्म ओतायची पद्धत सोपी वाटते. अ‍ॅसिटोन किंवा टोल्युइनमध्ये विरघळवा, काचेवर ओता, वाळवा. पण उरलेलं द्रावक पॉलिमरला मऊ करतं आणि ग्लास ट्रान्झिशन खाली ओढतं. हात लावून फिल्म कोरडी लागली म्हणजे द्रावक गेलं असं होत नाही. ग्लास ट्रान्झिशनच्या बरंच वर, ७० अंशांच्या आसपास, व्हॅक्यूममध्ये ठेवा आणि वजन करत राहा. वजन स्थिर झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ओलाव्याचंही तेच. आणि इथे विदर्भातला एक खास सापळा आहे: कूलर. एप्रिल-मे महिन्यांत प्रयोगशाळेत कूलर लावला की बाहेर हवा कोरडी ठणठणीत असली तरी खोलीत ओल भरते. त्या झोतात सॅम्पल उघडं ठेवलं की ते पाणी ओढतं. शिखर सरकतं, कमी वारंवारतेला लॉस फुगतो. सॅम्पल बसवताना कूलर बंद ठेवा. घाम गाळावा लागेल, पण डेटा वाचेल. पावसाळ्यात डेसिकेटरमधून काढल्यापासून ओव्हनमध्ये जाईपर्यंतचा वेळ शक्य तितका कमी ठेवा, आणि पहिली मोजणी सुरू करण्यापूर्वी सॅम्पल ओव्हनमध्येच तासभर ८० अंशांना ठेवा.

इलेक्ट्रोडसाठी लोक सिल्व्हर पेस्ट लावतात. पेस्टमध्येही द्रावक असतं आणि ते तुमचंच पॉलिमर विरघळवू शकतं. मी पितळी चकत्यांच्या मध्ये पॉलिमर ठेवून शंभर अंशांच्या आसपास दाबून घ्यायची पद्धत सुचवेन. मधे टेफ्लॉनचे दोन-तीन बारीक तुकडे स्पेसर म्हणून हवेतच. ग्लास ट्रान्झिशनच्या वर पॉलिमर वाहतं. स्पेसर नसेल तर चकतीच्या वजनाने जाडी १०० मायक्रोमीटरवरून ८० वर येते आणि परमिटिव्हिटी २५ टक्के फुगलेली दिसते. रेझिन बदललं नाही, मीटर बिघडला नाही, तरी आकडे चढत जातात. अशा वेळी पहिला संशय जाडीवर घ्या.

रिकाम्या कपॅसिटरची धारिता कागदावर काढून ठेवा. चकतीचा व्यास २० मिलिमीटर आणि अंतर १०० मायक्रोमीटर असेल तर ती सुमारे २७.८ पिकोफॅरड येते. परमिटिव्हिटी ३ धरली तर सॅम्पलची सुमारे ८३ पिकोफॅरड. आता २० हर्ट्झला या कपॅसिटरचा अडथळा किती? जवळपास १० कोटी ओहम. बहुतेक एलसीआर मीटर इतक्या अडथळ्याला धड मोजत नाहीत. मॅन्युअलमधला अचूकतेचा तक्ता उघडून बघा. म्हणून चकती ४० मिलिमीटरची घ्या आणि अंतर ५० मायक्रोमीटर करा. अडथळा आठपट कमी होतो आणि कमी वारंवारतेचा जो भाग तुम्हाला सगळ्यात जास्त हवा आहे तो वापरण्याजोगा होतो. या एका बदलाने जितका फरक पडतो तितका कुठल्याही सॉफ्टवेअरने पडत नाही.

४. मोजणी

ओपन आणि शॉर्ट करेक्शन (टोकं मोकळी ठेवून आणि जोडून केबलचा स्वतःचा परिणाम वजा करणं) रोज करा, त्याच केबलने, त्याच मांडणीत. व्होल्टेज १ व्होल्ट पुरे. प्रत्येक दशकात निदान दहा वारंवारता घ्या.

तापमान सतत चढवत मोजू नका. एका तापमानाला थांबा, सॅम्पलजवळचं थर्मोकपल स्थिर होऊ द्या, त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं आणखी द्या, मग मोजा. गरमकडून थंडकडे या. शेवटी पुन्हा एका वरच्या तापमानाला जाऊन तो डेटा पहिल्याशी जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर जाडी किंवा ओलावा बदललेला आहे, आणि मधला सगळा डेटा संशयित आहे.

ओव्हनच्या दारावरचा आकडा वहीत लिहू नका. का, ते आकड्यांनी सांगतो. उदाहरणासाठी एक पॉलिमर धरू, ज्याचं ग्लास ट्रान्झिशन ३१० केल्विन आहे आणि बाकीचे आकडे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटच्या जातकुळीतले आहेत. त्याचं शिखर ३७० केल्विनला सुमारे ६९ किलोहर्ट्झवर, ३५० ला २.७ किलोहर्ट्झवर, ३३० ला १६ हर्ट्झवर आणि ३२० ला जेमतेम ०.३४ हर्ट्झवर असेल. ३३० केल्विनजवळ दोन अंशांची चूक म्हणजे टाऊमध्ये जवळपास दुप्पट फरक. ग्लास ट्रान्झिशनपाशी तर एकाच अंशात टाऊ जवळजवळ दुप्पट होतो.

याच आकड्यांवरून ऋतूही ठरतो. साध्या ओव्हनला थंड करता येत नाही; खोलीच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा अंश वरच तो नीट धरतो. मे महिन्यात खोलीच ४२-४३ अंशांवर असते, म्हणजे टेबलावर ठेवलेलं सॅम्पल आधीच ग्लास ट्रान्झिशनच्या वर आहे आणि ५५ अंशांखाली ओव्हन तुमचं ऐकत नाही. शिखर मीटरच्या कडेला येतं तो ५५ ते ६५ अंशांचा पट्टा अत्यंत मोलाचा आहे. तो डिसेंबर-जानेवारीत, सकाळी, शेतातल्या मोटारी सुरू व्हायच्या आधी मोजा.

५. फिट करण्याआधी डेटाकडे डोळ्यांनी बघा

धारिता आणि कंडक्टन्सवरून परमिटिव्हिटीचे दोन्ही भाग काढा. लॉसचा आलेख दोन्ही अक्ष लॉग घेऊन काढा. कमी वारंवारतेच्या बाजूला लॉस सरळ रेषेत वर चढत असेल आणि उतार उणे एक असेल, तर तो आयनांच्या वहनाचा भाग आहे. त्याला रिलॅक्सेशनचं शिखर समजून फिट करणं ही या विषयातली सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. त्याच्याही खाली वास्तव भाग शेकड्यांत चढायला लागला तर तो इलेक्ट्रोडपाशी साचलेल्या आयनांचा परिणाम. ते बिंदू सरळ काढून टाका, आणि काढले हे लिहा.

शिखर वहनाखाली दबलं असेल तर एक फार उपयोगी युक्ती आहे. शुद्ध ओहमी वहन वास्तव भागात दिसतच नाही. म्हणून वास्तव भागाचा, कोनीय वारंवारतेच्या (ओमेगा, म्हणजे दोन पाय गुणिले वारंवारता) नैसर्गिक लॉगच्या सापेक्ष, उतार काढा आणि त्याला उणे पाय भागिले दोनने गुणा. जे वक्र मिळतं त्यात शिखर वर येतं आणि वहन गायब होतं. रुंद शिखरांसाठी हे वक्र मूळ लॉसच्या जवळ असतं. अरुंद शिखर मात्र त्यात आणखी अरुंद दिसतं. त्यामुळे शिखराची जागा शोधायला ते वापरा, आकार ठरवायला मूळ डेटाकडेच या.

काही जण परमिटिव्हिटीचा व्यस्त घेऊन इलेक्ट्रिक मॉड्युलसमध्ये काम करतात. त्यात वहनही शिखरासारखं दिसतं, आणि अल्फाचं शिखरही परमिटिव्हिटीतल्या जागी न राहता जास्त वारंवारतेकडे सरकतं. दोन पेपरांतले टाऊ जुळत नसतील तर आधी दोघांनी कोणतं रूप वापरलं ते तपासा.

६. मॉडेल निवडणं

पीटर डिबाय यांचं १९१३ चं मॉडेल एकच टाऊ धरतं. पॉलिमरला ते कधीच पुरत नाही. शिखर त्याहून रुंद असतं. कोल बंधूंनी १९४१ मध्ये दोन्ही बाजूंना सारखं रुंद होणारं रूप दिलं, डेव्हिडसन आणि कोल यांनी १९५१ मध्ये एका बाजूला कललेलं. हॅव्हरिलियाक आणि नेगामी यांनी १९६७ मध्ये दोन्ही एकत्र केले. अल्फा रिलॅक्सेशनसाठी हेच वापरा:

परमिटिव्हिटी = अनंत-मूल्य + बळ ÷ [१ + (आय × ओमेगा × टाऊ)^र]^क

इथे अनंत-मूल्य म्हणजे फार जास्त वारंवारतेची परमिटिव्हिटी, बळ म्हणजे पायरीची उंची, आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ; 'र' रुंदीचा घातांक, 'क' एका बाजूला कलण्याचा. मुद्दाम मराठी अक्षरं घेतली आहेत, कारण पेपरांत यांनाही अल्फा-बीटा म्हणतात आणि रिलॅक्सेशनलाही अल्फा-बीटा म्हणतात. शिवाय काही लेखक 'र'च्या जागी एक उणे अल्फा लिहितात. दुसऱ्याच्या पेपरातला ०.२ तुमच्या ०.८ चाच भाऊ असू शकतो. मर्यादा अशा: 'र' शून्य ते एक, आणि 'र' गुणिले 'क' एकपेक्षा जास्त नाही.

दुसरा मार्ग काळाच्या भाषेतला आहे: ताणलेला घातांकी क्षय. कोलराउश यांनी तो १८५४ मध्ये लायडन जारच्या (जुन्या काळच्या काचेच्या कपॅसिटरच्या) विसर्जनासाठी वापरला होता, विल्यम्स आणि वॉट्स यांनी १९७० मध्ये डायइलेक्ट्रिकमध्ये आणला. त्यात आकाराचा एकच घातांक असतो, म्हणून डेटा तुटपुंजा असेल तेव्हा तो जास्त भरवशाचा. दोन्ही रूपं गणिताने एक नाहीत, पण स्पेनमधल्या सान सेबास्तियनच्या गटाने १९९१ मध्ये दाखवलेलं एक अंदाजी नातं उपयोगी पडतं: 'र' गुणिले 'क' हे ताणाच्या घातांकाच्या १.२३ व्या घाताइतकं असतं. ताणाचा घातांक ०.५ असेल तर गुणाकार ०.४३ च्या आसपास यायला हवा. तुमचा ०.९ आला असेल तर शिखर मोजलंय की आणखी काही, ते पुन्हा बघा.

एक गोष्ट फार लोक विसरतात. या समीकरणातला टाऊ आणि शिखराचा टाऊ वेगळे आहेत. नातं असं:

ओमेगा-शिखर × टाऊ = [साइन(पाय × र ÷ (२ + २क)) ÷ साइन(पाय × र × क ÷ (२ + २क))]^(१ ÷ र)

'र' ०.८५ आणि 'क' ०.५ घेतले तर हे गुणोत्तर बरोबर २ च्या जवळ येतं. म्हणजे दुप्पट फरक. तुलना नेहमी शिखराच्या टाऊने करा. आकाराचे घातांक तापमानानुसार थोडे हलले तरी तो स्थिर राहतो.

७. फिटिंग

खऱ्या डेटाला हात लावण्याआधी खोटा डेटा तयार करा. ठरावीक आकडे समीकरणात घाला, एक टक्का नॉइज मिसळा, आणि तुमचा प्रोग्राम तेच आकडे परत देतो का ते बघा. साध्या वारंवारतेच्या जागी कोनीय वारंवारता घालायची राहिली, काल्पनिक भागाचं चिन्ह उलटं पडलं, अशा चुका इथेच सापडतात. पहिली चूक टाऊला ६.२८ पटीने हलवते, आणि आलेख मात्र सुंदरच दिसतो.

सायपायमधलं लीस्ट-स्क्वेअर्स वापरा, मर्यादा घालता येतात ते. वास्तव आणि काल्पनिक भाग एकाच वेळी फिट करा. नुसत्या लॉसवर बसवलेलं मॉडेल वास्तव भागात सपशेल पडलेलं मी अनेक प्रबंधांत पाहिलं आहे. टाऊच्या जागी टाऊचा लॉग चल म्हणून घ्या. फरकाला मोजलेल्या मूल्याने भागा, नाहीतर मोठे आकडे छोट्यांना दाबतात. वहनाचा भाग लॉसमध्ये वेगळं पद म्हणून ठेवा: वहनक्षमता ÷ (मुक्त अवकाशाची परमिटिव्हिटी × ओमेगा). सुरुवातीच्या अंदाजाला अनंत-मूल्य ३, बळ ५, 'र' ०.८, 'क' ०.५ आणि टाऊ आलेखावरच्या शिखरावरून घ्या.

सुरुवात त्या तापमानाने करा जिथे शिखर खिडकीच्या मधोमध आहे. त्याचं उत्तर शेजारच्या तापमानाचा सुरुवातीचा अंदाज, आणि असंच दोन्हीकडे सरकत जा.

शिखर खिडकीबाहेर गेलं की थांबा. नुसता एक उतार दिसत असताना प्रोग्राम बळ, टाऊ, 'र', 'क' सगळ्यांचे आकडे देईलच. ते अर्थहीन असतात, कारण बळ वाढवून टाऊ वाढवला तरी तोच उतार मिळतो. कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (चल एकमेकांत किती गुंतलेत ते दाखवणारा तक्ता) छापून बघा. दोन चलांमधला सहसंबंध ०.९९ च्या पुढे असेल तर त्यातला एक चल तुमच्या डेटाला माहीतच नाही. अशा वेळी 'र' आणि 'क' शेजारच्या तापमानाच्या मूल्यावर स्थिर ठेवून फक्त टाऊ काढता येतो, पण आकार तापमानाने बदलत नाही हे गृहीतक तुम्ही धरलं आहे, ते लिहून ठेवा.

८. टाऊ विरुद्ध तापमान: ग्लास ट्रान्झिशनपर्यंत पोचणं

फोगेल (१९२१), फल्चर (१९२५) आणि टामान (१९२६) यांच्या नावाचं समीकरण वापरा. लॉगच्या रूपात (पाया १०; टाऊ-शून्य, 'ड' आणि त-शून्य हे तीन चल फिटमधून काढायचे):

लॉग टाऊ = लॉग टाऊ-शून्य + ड ÷ (तापमान − त-शून्य)

वर ज्या पॉलिमरचे आकडे दिले तो असा बनवला आहे: लॉग टाऊ-शून्य उणे १२, 'ड' ७०० केल्विन, त-शून्य २६० केल्विन. ३१० घातले की ७०० भागिले ५० म्हणजे १४, त्यातून १२ गेले, लॉग टाऊ २, म्हणजे १०० सेकंद. विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांचं १९५५ चं समीकरण हेच आहे, वेगळ्या कपड्यांत. त्यांचे ते प्रसिद्ध १७.४४ आणि ५१.६ हे आकडे अनेक पॉलिमरांची सरासरी आहेत. ते स्वतःच्या डेटावर जसेच्या तसे लादू नका.

सापळे इथे दाट आहेत.

थोड्याच तापमानांत मोजलं तर आलेख सरळ दिसतो आणि मोह होतो आर्‍हेनियसचा. वरच्याच उदाहरणात ३५० केल्विनला उतारावरून काढलेली सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे २०० किलोज्यूल येते, आणि ३१० ला सुमारे ५१५. कार्बन-कार्बन बंध तोडायला ३५० च्या आसपास लागतात. तुकडा नुसता वळायला बंध तुटण्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते असं म्हणता येईल का? हा आकडा कुठल्या एका अडथळ्याची उंची नाही, अनेकांच्या एकत्र हालचालीचा उतार आहे. तो 'सक्रियण ऊर्जा' म्हणून तक्त्यात लिहिला की परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात, आणि योग्यच विचारतात.

तीन चल एकमेकांत फार गुंतलेले असतात. त-शून्य दहा अंशांनी हलवलं तरी तुमच्या खिडकीतला फिट जवळपास तितकाच चांगला राहू शकतो, आणि ग्लास ट्रान्झिशन मात्र काही अंशांनी सरकतं. म्हणून एकच उत्तर देऊन थांबू नका. मोजलेल्या बिंदूंतून पुन्हा पुन्हा यादृच्छिक निवड करून फिट करा आणि मिळालेल्या ग्लास ट्रान्झिशनचा पसारा सांगा. टाऊ-शून्य १० च्या उणे १० ते उणे १४ व्या घातापलीकडे फार भरकटलं तर मॉडेल डेटाबाहेर ओढलं जातंय असं समजा.

फ्रॅजिलिटी, म्हणजे ग्लास ट्रान्झिशनपाशी टाऊ किती तीव्रतेने बदलतो त्याचा निर्देशांक, ही 'ड' गुणिले ग्लास ट्रान्झिशन भागिले ग्लास ट्रान्झिशन आणि त-शून्य यांच्यातल्या अंतराचा वर्ग. इथे ८७ येते. या सूत्रात अंतराचा वर्ग आहे, म्हणून त-शून्यातली छोटी चूक इथे मोठी होते. फक्त एलसीआर मीटरच्या जोरावर दशांश चिन्हानंतरचे आकडे देऊ नका.

कुणी कमी वारंवारतेचा डेटा दिला आणि त्यात ग्लास ट्रान्झिशनखालचे बिंदू असतील, तर ते या फिटमध्ये घेऊ नका. तिथे सॅम्पल समतोलात नसतं, दिवसागणिक बदलत असतं, आणि वक्र फोगेलच्या वाटेवरून सुटून सरळ होऊ लागतं.

९. दरी कमी करायची तर बाहेरची मदत

दोन मोजण्या बाहेरून करून घ्याव्यात. एक डीएससी (तापमान बदलताना सॅम्पल किती उष्णता घेतं ते मोजणारी डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्री): मिनिटाला १० अंश वेगाने मिळणारं ग्लास ट्रान्झिशन १०० सेकंदांच्या व्याख्येपासून काही अंशांतच असतं, म्हणून खिडकीबाहेर ताणून काढलेल्या तुमच्या उत्तराची ती स्वतंत्र तपासणी आहे. दुसरी, जमल्यास, मिलिहर्ट्झपर्यंत जाणारा ब्रॉडबँड डायइलेक्ट्रिक स्पेक्ट्रोमीटर. देशभरातली उपकरणं कुठे आहेत हे केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. अमरावती आणि नागपूर विद्यापीठांच्या विभागांकडे आणि नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेकडेही आधी विचारा. इंदूरला मुख्यालय असलेली यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम ही संशोधनसंस्था विद्यापीठीय संशोधकांचे प्रस्ताव घेते.

अर्जासोबत साधारणपणे विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, गाइडचं संमतिपत्र, कॉलेजचं ओळखपत्र, सॅम्पलचं रासायनिक नाव, त्याचा धोका आहे-नाही याची माहिती, विघटनाचं तापमान आणि नेमकं काय मोजायचं याचं अर्धं पान लागतं. हे अर्धं पान नीट लिहा: तापमानांची यादी, वारंवारतेची व्याप्ती, आधीच मिळालेला एक आलेख. उपकरण चालवणाऱ्या माणसाला हे सगळं आधी मिळालं तर तुमचा नंबर आला त्या दिवशी वेळ वाया जात नाही.

सॅम्पल एसटीने नेत असाल तर सिलिका जेलच्या डबीत, सपाट, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. मे महिन्यात टपाखालच्या रॅकवर ठेवलेली फिल्म नागपूर येईपर्यंत ग्लास ट्रान्झिशनच्या बरीच वर राहते आणि कडेने वाहून जाते.

१०. लिहिताना

प्रत्येक टाऊपुढे तापमान, त्याची अनिश्चितता, शिखर खिडकीत होतं की नाही, आणि कोणते चल स्थिर ठेवले होते ते लिहा. मोजलेला पट्टा आलेखात ठसठशीत रेषेने आणि मॉडेलने खिडकीबाहेर ताणलेला भाग तुटक रेषेने दाखवा. फाइलच्या नावात सॅम्पल, जाडी, तापमान आणि तारीख घाला. कच्च्या फाइल्स आणि फिटचा प्रोग्राम विभागाच्या संगणकावर एक प्रत आणि पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवून जा. पुढच्या बॅचच्या मुलांना तुमच्याच सॅम्पलचे कमी वारंवारतेचे बिंदू मिळाले, तर ते तुमच्या डेटाला जोडून तोच फिट पुन्हा करू शकतील.